अकरा वर्षांचा डेस्कटॉप आणि पाच हजारांचं बजेट: एका दुरुस्तीची पूर्ण नोंद

डोंबिवलीतल्या एका घरात २०१४ साली असेम्बल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. इंटेलचा आय३-४१३० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी, ५०० जीबीची ७,२०० आरपीएमची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटबरोबर आलेला ‘४५० वॉट’ लिहिलेला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. मशीन दोघं वापरतात. वडील सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे मेंटेनन्सचा हिशेब एक्सेलमध्ये आणि नोटिसा मराठीत. मुलगी अकरावीला, तिच्या सीईटीच्या सराव परीक्षा ब्राउझरमध्ये.

तक्रार नेहमीचीच. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसायला तीन-साडेतीन मिनिटं, आणि दिसल्यावरही पुढची पाच मिनिटं काही उघडत नाही. सराव परीक्षेत ‘पुढचा प्रश्न’ दाबलं की पान गोठतं, घड्याळ मात्र पळत राहतं. वरचेवर तारीख मागे जाते आणि बँकेची साइट उघडायला नकार देते. बजेट पाच हजार रुपये. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आहेत तेच ठेवायचे.

नात्यातल्या एकाने ऑनलाइन कार्टमध्ये यादी तयार करून ठेवली होती: ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क), ८ जीबी डीडीआर४ रॅम आणि जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड. वस्तू चांगल्या, भावही वाजवी. फक्त तिन्हींपैकी एकही या मशीनच्या उपयोगाची नव्हती.

एनव्हीएमई एसएसडी एम.२ स्लॉटमध्ये बसते आणि या बोर्डावर एम.२ स्लॉटच नाही. पीसीआय-एक्सप्रेसच्या खाचेत अॅडॅप्टर लावून ती बसवता येते, विंडोज सुरू झाल्यावर दिसतेही, पण या पिढीच्या बहुतेक बोर्डांच्या बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमला, एनव्हीएमईवरून बूट करणं (विंडोज सुरू करणं) ठाऊक नाही. म्हणजे विंडोज पुन्हा जुन्या डिस्कवरच ठेवायचं, आणि दुखणं तिथेच आहे. डीडीआर४ पट्टीला २८८ पिना असतात, डीडीआर३ला २४०, आणि खाचही वेगळ्या जागी. ती बसतच नाही, आणि जोर लावून बसवू पाहिली तर स्लॉट जातो. जीटी ७१०चा मोह सर्वांत जास्त पडतो, कारण यूट्यूब अडखळतं ते ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे अशी समजूत आहे. यूट्यूब बरेचसे व्हिडिओ व्हीपी९ या पद्धतीने पाठवतं. ते हार्डवेअरमध्ये उलगडण्याची सोय आय३-४१३०च्या आतल्या ग्राफिक्समध्ये नाही, आणि जीटी ७१०मध्येही नाही. पैसे जातील आणि प्रोसेसरवरचा भार तेवढाच राहील. तो भार उतरवायचं काम ब्राउझरला व्हीपी९ऐवजी जुन्या एच.२६४ पद्धतीचा व्हिडिओ मागायला लावणारं फुकटचं एक्स्टेन्शन करतं.

म्हणून बाजाराकडे बघण्याआधी मशीनकडे बघायचं. स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही, टास्क मॅनेजर पुरे. सुरू झाल्यानंतरच्या त्या पाच मिनिटांत ‘परफॉर्मन्स’ टॅब उघडला तेव्हा प्रोसेसर १५ ते २० टक्क्यांवर होता, मेमरी ८८ टक्के भरलेली आणि डिस्क सलग १०० टक्क्यांवर. मजा अशी की १०० टक्के धावणारी ती डिस्क सेकंदाला जेमतेम एक-दीड एमबी वाचत होती आणि प्रतिसादाचा वेळ ६०० मिलिसेकंदांच्या वर होता.

डिस्क कामात बुडालेली आणि तरी काम होत नाही, याचं कारण तिच्या रचनेत आहे. ७,२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो भाग वाचणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. त्याआधी ते डोकं योग्य पट्ट्यावर न्यायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. एका वाचनाला सुमारे १३, म्हणजे सेकंदाला ७५-८० वाचनं. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली इकडून तिकडून वाचतं. प्रत्येक वाचन ४ केबीचं धरलं तर सेकंदाला ३०० केबीच हाती लागतात. मोठी सलग फाइल कॉपी करताना हीच डिस्क १०० एमबीच्या पुढे जाते, म्हणून कॉपीचा वेग बघून तिला धडधाकट ठरवू नये. त्यात रॅम अपुरी पडली की विंडोज उरलेलं सामान त्याच डिस्कवर नेऊन ठेवतं आणि पुन्हा उचलतं. सराव परीक्षेतलं पान गोठायचं ते इथे. दोन आजार, पण भोगते एकच डिस्क.

पुढची तपासणी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने. त्यात डिस्क पिवळी, ‘कॉशन’. सी५ या ओळीत, म्हणजे वाचता न आलेल्या आणि निकाल लागायच्या बाकी असलेल्या सेक्टरांच्या ओळीत, शेवटी १८ असा आकडा. हे आकडे प्रोग्रॅम सुरुवातीला हेक्साडेसिमलमध्ये दाखवतो, त्यामुळे १८ म्हणजे प्रत्यक्षात २४. फंक्शन मेन्यूतल्या ‘अॅडव्हान्स्ड फीचर’मध्ये कच्चे आकडे दशमानात दाखवण्याचा पर्याय आहे, तो आधीच निवडून ठेवावा. चोवीस सेक्टरांनी डिस्क आजच मरेल असं नाही, पण आता तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही आणि तिची जशीच्या तशी, म्हणजे क्लोन, प्रतही काढायला जायचं नाही. क्लोन करणारे प्रोग्रॅम खराब सेक्टरवर अडतात, तासन्‌तास तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतात, आणि त्या घासाघाशीत दुखरी डिस्क आणखी खचते. निर्णय: डेटा काढून घ्यायचा, विंडोज नव्या एसएसडीवर कोरं टाकायचं.

डेटा काढताना क्रम महत्त्वाचा. आधी छोटं आणि पुन्हा न मिळणारं: एक्सेल फायली, नोटिसा, स्कॅन केलेली कागदपत्रं. मग फोटो. सिनेमे शेवटी, राहिले तर राहिले. सगळं बाहेरच्या यूएसबी डिस्कवर. दोन गोष्टी इथे हमखास सुटतात. एक, ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, ते खात्याशी सिंक झालेत की नाही हे बघूनच पुढे जायचं. दुसरी मराठी घरांतली खास गोष्ट: सोसायटीच्या जुन्या नोटिसा युनिकोडमध्ये नव्हत्या, श्रीलिपी आणि शिवाजी घराण्यातल्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या होत्या. नव्या विंडोजवर हे फॉन्ट नसले की तीच फाइल इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी होऊन उघडते, आणि लोकांना वाटतं कॉपी करताना फाइल बिघडली. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधलं ‘फॉन्ट्स’ फोल्डर उघडून ती नावं शोधायची आणि त्या फायली वेगळ्या जपून ठेवायच्या. विकतचं मराठी सॉफ्टवेअर असेल तर त्याची सीडी, की आणि असलाच तर यूएसबी लॉक हाताशी असल्याशिवाय जुनी डिस्क सोडू नये.

आता कॅबिनेट उघडायची. प्लग नुसता स्विच बंद करून ठेवायचा नाही, ओढून काढायचा. आपल्याकडे भिंतीवरचा स्विच एकच तार तोडतो, आणि जुन्या वायरिंगमध्ये ती फेजच असेल याची खात्री नसते. प्लग काढल्यावर पॉवर बटण पाच-सात सेकंद दाबून धरलं की आत साठलेला चार्ज उतरतो. रॅमला किंवा बोर्डाला हात लावण्याआधी दर वेळी कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या पत्र्याला हात लावायचा.

आत अकरा वर्षांची धूळ. रंगकामाचा मऊ ब्रश आणि ब्लोअर पुरतो, पण ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. स्वच्छ झाल्यावर खरेदीसाठी लागणाऱ्या चार गोष्टी दिसल्या.

बोर्डावर रॅमचे दोन स्लॉट, एक रिकामा. चार साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा. एच८१मध्ये त्यातले दोनच ६ गिगाबिटचे असतात, उरलेले दोन ३ गिगाबिटचे. कोणता कुठला हे बोर्डावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, रंगावर जाऊ नये, कारण प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. इथे असेम्बल करणाऱ्याने डीव्हीडी रायटर वेगवान पोर्टात लावला होता आणि हार्ड डिस्क संथ पोर्टात. हार्ड डिस्कला त्याने फरक पडत नव्हता. एसएसडीला पडला असता: ६ गिगाबिटवर ती सेकंदाला साडेपाचशे एमबीपर्यंत जाते, ३ गिगाबिटवर पावणेतीनशेच्या आसपास अडकते.

एसएमपीएसला साटा पॉवरच्या दोनच पिना, एक हार्ड डिस्कला आणि एक डीव्हीडी रायटरला. डीव्हीडी रायटर गेली कित्येक वर्षं कुणी उघडलाच नव्हता, त्याची पिन एसएसडीला मिळाली. नसती मिळाली तर जुन्या चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा करणारी तार घ्यावी लागली असती. ती घ्यायची वेळ आलीच तर साटाकडचं तोंड नीट बघावं. ज्यात तारा प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या असतात ती टाळावी. त्यातल्या तारा आत जवळजवळ असतात, कालांतराने त्यांच्यात शॉर्ट होऊन प्लास्टिक जळण्याचे प्रकार होतात. तारा वरून दाबून बसवलेल्या आणि मागे झाकण असलेली पिन घ्यावी.

एसएमपीएसवरच्या ४५० आकड्याला फारसा अर्थ नाही. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते पाहायचं. इथे १४ होते: १४ गुणिले १२, म्हणजे १६८ वॉट. प्रोसेसर ५४ वॉटचा, बोर्ड, पंखे, डिस्क सगळं धरून हे मशीन शंभरच्या आत राहतं. म्हणजे ताकद पुरेशी. प्रश्न वयाचा. मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या तारेत मल्टिमीटर लावून, मशीनवर काम चालू असताना १२.०५ व्होल्ट मिळाले. ११.४ ते १२.६ ही मान्य मर्यादा, त्यामुळे एसएमपीएस बदलला नाही. मशीन मधेच आपोआप रीस्टार्ट होत असतं किंवा व्होल्टेज ११.५ कडे झुकलेलं असतं, तर एसएसडी लहान घेऊन आधी एसएमपीएस घेतला असता. त्याचा डबा मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर झटका देण्याइतके भरलेले राहतात.

चौथी गोष्ट बटणासारखा सेल, सीआर२०३२. कोरा असताना ३ व्होल्टच्या थोडा वर असतो, हा २.५वर आला होता. तारीख मागे जाण्याचं आणि बँकेची साइट न उघडण्याचं मूळ इथे: घड्याळ चुकलं की ब्राउझरला साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र मुदतीबाहेरचं वाटतं. औषधाच्या दुकानातसुद्धा मिळणारा हा सेल बदलायला इतके दिवस कुणाला सुचलं नाही, कारण तक्रार इंटरनेटची वाटत होती.

खरेदीची यादी अशी ठरली. २.५ इंची साटा एसएसडी, ४८० जीबी. डीडीआर३ १६०० ची ४ जीबीची एक पट्टी. साटा डेटा केबल. २.५ इंचीवरून ३.५ इंचीवर नेणारी पत्र्याची पट्टी. थर्मल पेस्टची (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या लेपाची) छोटी सिरिंज. सीआर२०३२ सेल. बजेटचा बहुतांश भाग एसएसडीने घेतला, रॅम जुनी असल्याने स्वस्तात आली, बाकी सगळं किरकोळ. वस्तूवार भाव इथे मुद्दाम लिहीत नाही. २०२५ च्या शेवटी रॅम आणि एसएसडी दोन्ही इतक्या झपाट्याने महागल्या की मागच्या महिन्याचा भाव सांगणं म्हणजे दुकानात भांडण लावून देणं.

४८० का, २४० का नाही? कामाचा डेटा १४० जीबी निघाला. २४० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये २२३ दिसते, त्यात विंडोज आणि प्रोग्रॅम ४०-५० जीबी घेतात, म्हणजे पहिल्या दिवसापासून ती काठोकाठ. स्वस्त एसएसडीत लिहिण्याचा वेग मोकळ्या जागेवर टिकतो. रिकाम्या पेशींचाच तात्पुरता वेगवान साठा म्हणून वापर होतो, जागा भरत गेली की तो आटतो आणि मोठी फाइल कॉपी करताना वेग हार्ड डिस्कच्याही खाली जातो. दोन एसएसडींत निवड करताना डब्यावरच्या ‘५५० एमबी’कडे बघू नये, तो आकडा सगळ्यांचा सारखाच असतो. वॉरंटी किती वर्षांची आणि किती टेराबाइट लिहिण्यापर्यंतची, आणि ती कंपनीची की विक्रेत्याची, हे बघावं. जीएसटी बिलावर सीरियल नंबर लिहून घ्यावा, त्याशिवाय दोन वर्षांनी दावा करताना काउंटरवरून परत यावं लागतं.

घरी आणल्यावर एसएसडीची परीक्षा विंडोज टाकण्याआधी. जुन्या विंडोजमध्येच ती जोडून क्रिस्टलडिस्कइन्फोत चालू राहिल्याचे तास आणि चालू केल्याची संख्या बघायची. नव्या मालात दोन्ही एक आकडी हवेत. अनोळखी ब्रँड असेल तर एच२टेस्टडब्ल्यू चालवून पूर्ण क्षमतेइतकं लिहून परत वाचून घ्यावं. खोट्या क्षमतेचा माल इथेच पकडला जातो, नाहीतर दीडशे जीबी भरल्यावर कळतं.

रॅमने एक हेलपाटा घडवला. ऑनलाइन सर्वांत स्वस्त मिळालेली ४ जीबीची पट्टी बसवली आणि स्क्रीन काळी. पंखा फिरतोय, बीप येतायत, पुढे काही नाही. जुनी पट्टी एकटी लावली की मशीन चालू. पट्टीचे सोनेरी संपर्क पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासून पुन्हा बसवले; मुंबई-कोकणच्या दमट हवेत हा उपाय निम्म्या वेळा लागू पडतो. इथे पडला नाही. विक्रेत्याच्या पानावर अगदी खाली ‘ओन्ली फॉर एएमडी’ असं लिहिलेलं होतं. हा काही ब्रँडचा रुसवा नाही. अशा पट्ट्यांवर चार-चार बिट देणाऱ्या चिपा लावलेल्या असतात. एएमडीच्या जुन्या बोर्डांना त्या चालतात, इंटेलच्या घरगुती बोर्डांना आठ-आठ बिटांच्याच लागतात. ओळखायचं कसं, तर स्टिकरवर ‘१आर×८’ किंवा ‘२आर×८’ असेल तर घ्यावी, ‘×४’ असेल तर सोडावी. ते लिहिलेलंच नसेल आणि भाव बाकीच्यांपेक्षा फारच कमी असेल, तरीही सोडावी. पट्टी परत गेली.

दुसरी पट्टी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून. कंपनीच्या जुन्या डेस्कटॉपांतून निघालेली, ओळखीच्या चिप-कंपनीची, ‘पीसी३एल-१२८००’ लिहिलेली. यातला ‘एल’ म्हणजे १.३५ व्होल्टवरही चालणारी. डेस्कटॉपची अशी पट्टी १.५ व्होल्टवरही चालते, त्यामुळे जुन्या १.५ व्होल्टच्या पट्टीबरोबर तिची जोडी जमते. लॅपटॉपची आखूड पट्टी चुकून हातात पडत नाही ना एवढं बघायचं. सेकंडहँड रॅमला घरी रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावावा. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात. एक जरी लाल ओळ आली तरी पट्टी बदलून घ्यायची. दुकानदाराशी ‘सात दिवसांत बदली’ हे बिलावर ठरवून घेतलेलं असलं की वाद होत नाही. ८ जीबीची एकच पट्टी घेऊन एकूण १२ करता आले असते. पण दोन सारख्या ४ जीबीच्या पट्ट्या दोन्ही स्लॉटांत बसल्या की पूर्ण मेमरी दुहेरी वाटेने चालते, आतल्या ग्राफिक्सला त्याचा फायदा होतो, आणि या दोघांच्या कामाला ८ जीबी पुरते.

प्रोसेसरचा पंखा काढला कारण काम चालू असताना तापमान ८८ अंशांपर्यंत जात होतं. इंटेलच्या या कूलरला चार कोपऱ्यांत काळ्या खुंट्या असतात. बाणाच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट, पाव वळण देऊन त्या वर ओढायच्या. अकरा वर्षांत पेस्ट सिमेंटसारखी झालेली असते, म्हणून मशीन आधी दहा मिनिटं चालवून गरम करायचं, मग बंद करून, प्लग काढून कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवायचा. प्रोसेसर मात्र सॉकेटमधून काढायचा नाही. या सॉकेटात पिना बोर्डावर असतात, केसाइतक्या बारीक, एक वाकली तरी बोर्ड गेलाच म्हणायचा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट. ती पसरवायला बोट लावू नये, कूलर दाबला की आपली पसरते. परत बसवताना खुंट्या आधी घड्याळाच्या दिशेने फिरवून मूळ जागी आणायच्या आणि मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या जोडीने दाबायच्या, प्रत्येकीचा ‘टक्’ ऐकू येईपर्यंत. बोर्डाच्या मागून चारही पांढरे पाय फाकलेले दिसले पाहिजेत. एक खुंटी अर्धवट राहिली तर तापमान आधीपेक्षा वाढतं. नंतरचं मोजमाप: त्याच कामाला ६३ अंश.

एसएसडी पत्र्याच्या पट्टीवर बसवताना स्क्रूंची गल्लत होते. एसएसडीला बारीक आट्यांचे एम३ स्क्रू लागतात, हार्ड डिस्कला जाड आट्यांचे. हार्ड डिस्कचा स्क्रू एसएसडीत पिळला की आटे जातात आणि वॉरंटीही. स्क्रू कमी पडले तर दोन लावले तरी चालतं. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, दुहेरी चिकटपट्टीवरही ती वर्षानुवर्षं नीट राहते.

विंडोज टाकताना जुन्या हार्ड डिस्कची डेटा केबल काढून ठेवली. हे टाळलं तर विंडोज स्वतः एसएसडीवर जातं, पण सुरू होण्यासाठीचा भाग पुष्कळदा जुन्या डिस्कवरच टाकतं. मग सहा महिन्यांनी ती डिस्क काढली की मशीन ‘बूट डिव्हाइस नाही’ म्हणतं. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने विंडोज १० उतरवून घेतलं. बूट मेन्यूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे ‘यूईएफआय’ (मशीन सुरू होण्याची नवी पद्धत) लावलेला. दुसरा निवडायचा. पहिला निवडून पुढे गेलं तर जुन्या पद्धतीचं विभाजन होतं. आणि ‘या डिस्कवर एमबीआर तक्ता आहे, विंडोज टाकता येत नाही’ असा निरोप आला, तर नव्या एसएसडीवरचे सगळे विभाग पुसून मोकळी जागा निवडायची. विंडोज पुढचं आपलं आपण करतं. परवान्याची की मागितली तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडायचं. आधीचं विंडोज याच बोर्डावर अधिकृत असेल तर इंटरनेट लागल्यावर परवाना आपोआप ओळखला जातो. तो बोर्डाशी बांधलेला असतो, डिस्कशी नाही. नेटवर्कचा ड्रायव्हर नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की तेवढ्यापुरतं इंटरनेट मिळतं.

विंडोज टाकून झालं आणि डेटा परत आणताना कॉपी दर दोन-तीन मिनिटांनी दहा सेकंद थबकायला लागली. संशय एसएसडीवर गेला असता, पण क्रिस्टलडिस्कइन्फोत सी७ ही ओळ, म्हणजे केबलवरून जाताना झालेल्या चुकांची मोजणी, वाढत होती. डीव्हीडी रायटरचीच जुनी केबल एसएसडीला लावलेली होती. तिच्या एका टोकाची लोखंडी चाप तुटलेली होती आणि टोक पोर्टात हलत होतं. यादीतली नवी केबल अजून पाकिटातच. ती लावल्यावर कॉपी सलग झाली. सी७चा आकडा कमी होत नाही, तो कायमचा लिहिलेला राहतो. तो वाढायचा थांबला म्हणजे काम झालं. त्याच पडद्यावर ‘ट्रान्स्फर मोड’मध्ये दोन्हीकडे ‘साटा/६००’ दिसतं का हे बघून पोर्ट बरोबर असल्याची खात्री करता येते.

सेल शेवटी बदलला, आणि क्रमातली चूक तिथे भोवली. सेल काढला की बायोसची सगळी सेटिंगं कारखान्यातल्यासारखी होतात. या बोर्डाचं साटाचं मूळ सेटिंग ‘आयडीई’ या डिस्कशी बोलायच्या जुन्या पद्धतीचं होतं, विंडोज टाकताना ते ‘एएचसीआय’ या नव्या पद्धतीचं केलेलं होतं. सेल बदलून मशीन सुरू केलं तर निळा पडदा, त्यावर बूट डिव्हाइसपर्यंत पोहोचता येत नसल्याचा निरोप. घाबरून पुन्हा विंडोज टाकायला बसणारे इथेच बसतात. बायोसमध्ये जाऊन साटा परत ‘एएचसीआय’ केलं, बूटचा क्रम लावला, तारीख-वेळ घातली, आणि सगळं पूर्ववत. सेल पहिल्यांदा, बायोस त्यानंतर, विंडोज सर्वांत शेवटी, हा क्रम धरला असता तर हा अर्धा तास वाचला असता.

वायफायचं तेवढं लक्षात ठेवायचं की डोंगल मागच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात लावू नये. त्या पोर्टाचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पडतो, आणि वर कॅबिनेटचा पत्रा आड येतो. काळ्या यूएसबी २ पोर्टात छोटी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टेबलावर ठेवला की संकेत सुधारतो. या घरात राउटर त्याच खोलीत असल्यामुळे लॅनची केबलच टाकली, डोंगल घ्यावाच लागला नाही.

आता बटणापासून वापरता येण्याजोग्या डेस्कटॉपपर्यंत अर्ध्या मिनिटाच्या आत. ब्राउझरमध्ये सराव परीक्षा, बाजूला पीडीएफ आणि एक्सेल उघडं असताना मेमरी ६०-६५ टक्के, डिस्क बहुतेक वेळ शून्याला टेकलेली. प्रोसेसर मात्र तोच दोन कोअरचा. व्हिडिओ कॉल चालू असताना दुसरं काही जड उघडलं तर अजूनही अडतो, आणि यापुढे यावर पैसे घालून तो सुधारणार नाही.

विंडोजचा प्रश्न उरतो. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून ‘विंडोज अपडेट’च्या पानावरून तिच्यात नाव घालता येतं, तसं इथे घातलं आहे. विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, हे मशीन चौथ्या पिढीचं. अटींना वळसा घालून ते टाकता येतं, चालतंही, पण अपडेट मिळतच राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि सोसायटीच्या पैशांचा हिशेब अशा मशीनवर ठेवू नये. मुदत संपायच्या आधी लिनक्स मिंट २२ या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीची पेनड्राइव्हवरून चाचणी घ्यायची असं ठरलं आहे. त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतोच, एक्सेलच्या फायली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. अडेल ते जुन्या फॉन्टांतल्या नोटिसांवर. म्हणून सोसायटीचे ठराव आणि करार फॉन्ट सुरक्षित असतानाच पीडीएफ करून ठेवण्याचं काम आतापासून सुरू केलं आहे, आणि नवीन प्रत्येक नोटीस युनिकोडमध्येच टाइप होते. जुनी हार्ड डिस्क केबल काढून, चिठ्ठी लावून कपाटात आहे. मार्चअखेरचा हिशेब नव्या एसएसडीवर आणि बाहेरच्या डिस्कवर जुळला की ती पुसून ई-कचऱ्यात जाईल.